क्रमांक नसलेली सोळा पानं

३ फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमची पेटी माझ्याकडे आली आहे आणि माझी मला मिळालेली नाही. हे पत्र लिहायला भाग पाडणारं कारण एवढंच. फोन करता आला असता, पण फोनवर बोललेलं पुढे कुणी कबूल करत नाही. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून उभी हयात काढलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

झालं ते असं. आमचे चिरंजीव आणि तुमची लेक परदेशी जायच्या आधी त्यांनी भाड्याचं घर रिकामं केलं आणि ठेवायचं सामान तुमच्या-माझ्याकडे रवाना केलं. ट्रक आधी तुमच्या दारी थांबला, मग माझ्या. माझ्याकडे यायची होती माझी जुनी इस्त्री आणि दोन लोकरी ब्लँकेटं. आली एक जड पेटी. वर नाव-पत्ता माझाच, म्हणजे हमालांनी चिठ्ठ्यासुद्धा उलटसुलट चिकटवल्या. आत कादंबऱ्या. सगळ्या तुमच्या वाचनालयाच्या, शिक्क्यासकट.

मी कादंबऱ्या वाचत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात अभ्यासाला होत्या तेवढ्या वाचल्या, परीक्षा दिली, विषय संपला. पुढे वसतिगृहात मी त्या फक्त जप्त केल्या. दिवे बंद झाल्यावर पांघरुणाखाली बॅटरी दिसली की पुस्तक माझ्या कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. मुली मला ‘कुलूप’ म्हणायच्या. मला माहीत होतं आणि माझी हरकत नव्हती.

प्रवासात पुस्तकांचं काही नुकसान झालं का, हे तपासणं मात्र माझं काम होतं. म्हणून सगळ्यात वरचं उघडलं. चार पानं उभ्याने वाचली. मग खुर्ची ओढली.

नदीवरच्या पुलाची गोष्ट. बोटी आल्या की पूल मधून उघडतो. दोन टोकांना दोन खोल्या, त्यांत दोन भाऊ. दोघांनी एकाच वेळी चाक फिरवलं तरच पूल उचलला जातो. दोघांचं बोलणं बंद आहे. कंदील हलवून एकमेकांना खूण करतात, चाक फिरवतात, बोट जाते, दोघे आपापल्या दाराला कडी लावतात. विहीणबाई, बोलणं बंद आणि पूल मात्र रोज उघडतो! कांदा परतताना मी त्या दोघांचा विचार करत होते. जे जन्मालाच आलेले नाहीत, त्यांच्या काळजीने माझा कांदा करपला.

पण मला लिहायचंय ते पुढचं. पूर येतो. १४४व्या पानावर थोरला भाऊ कंदील घेऊन खोलीबाहेर पडतो आणि पुलावरून धाकट्याच्या दिशेने चालू लागतो. समोरच्या पानावर पाहते, तर नदी नाही, पूल नाही, भाऊ नाहीत. एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईचे केस विंचरते आहे. आई तिला ओळखत नाही. मुलगी रोज सकाळी दार वाजवते आणि आई जे कुणी समजेल ते होऊन आत येते. एक दिवस शेजारीण, एक दिवस नर्स. एकदा आई तिला शिवणारी समजते आणि निळा कोट शिवायला सांगते. मुलीला शिवण येत नाही. ती कापड आणते, बोटं टोचून घेते आणि खरोखरच कोट शिवायला बसते. सुई ओवताना मनाशी विचारते, उद्या आपण कोण म्हणून यायचं. आणि तिथेच पान संपतं. पुढच्या पानावर पूर ओसरलेला आहे आणि धाकटा भाऊ पायरीवर बसलाय, शेजारी दोन कंदील.

दोन कंदील! थोरल्याचं काय झालं ते एका शब्दाने सांगितलेलं नाही. ज्या जागी पूर दाखवायचा, तिथे लेखकाने ती बाई आणून बसवली. ती पुन्हा येत नाही. तिचं भावांशी काय नातं, तेही सांगत नाही. मला आधी वाटलं, पानं गहाळ आहेत. मोजली. १४४ नंतर १६१ येतं, मधे बरोबर सोळा पानं आहेत, एकही कमी नाही. फक्त त्या सोळांना क्रमांक घातलेले नाहीत. अक्षरही बारीक आहे, कुजबुजल्यासारखं. कागदसुद्धा जरा पिवळा. आकडे पुसून टाकायचे, आवाज खाली आणायचा, कागदाचा रंग बदलायचा! एवढा विचार माणसं पुस्तकासाठी करतात, हे मला या वयात कळतंय. मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर माणसं नेहमीसारखी चालली होती, याचं मला नवल वाटलं.

असो. तुमची पेटी केव्हा पाठवू आणि माझी केव्हा येते, ते कळवावं.

आपली,
रेक्टर (निवृत्त)


११ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा मी पुस्तकांच्या बांधणीची खळ ढवळत होते. एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने वाचलं, मग खळीला गुठळ्या झाल्या. तुमचा कांदा, माझी खळ. फिटंफाट.

हमालांनी केलेला घोटाळा पाहून मलाही आश्चर्य वाटलं. तुमची इस्त्री आणि ब्लँकेटं मी घरभर शोधली. नाहीत हो. सापडली की लगेच पाठवते. पेटी परत पाठवायची घाई करू नका. खरं तर अजिबातच करू नका. इथे सध्या सगळा पसारा आहे.

कारण असं, की माझ्या थोरल्या मुलाने हे घर विकायचं नक्की केलंय. बरोबरच आहे त्याचं. जिना मला चढवत नाही आणि पुढची खोली, म्हणजे माझं वाचनालय, त्यात आता दिवसाला दोन माणसं येतात, त्यातला एक पोस्टमन. मार्चअखेर मी थोरल्याकडे राहायला जाईन, म्हणजे तुमच्या गावाहून बसने तासाभरावर. त्याच्याकडे मला एक खोली आणि खोलीत एक कपाट मिळणार आहे. परवा तो टेप घेऊन आला आणि कपाट मोजून म्हणाला, “आई, कपड्यांशिवाय यात तीसेक पुस्तकं बसतील. बाकीची रद्दीत द्यावी लागतील.” मी म्हटलं, “कपडे रद्दीत दिले तर किती बसतील?” त्याला ते आवडलं नाही.

पुलाच्या कादंबरीबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतकी वर्षं ते पुस्तक मी देते-घेते. असं कुणी बोललं नव्हतं. त्या बाईबद्दल अजून काही वाटलं तर लिहा. निळ्या कोटाबद्दलही.

आता पेटीत हात घातलाच आहे, तर राखाडी पुठ्ठ्याची वाचा, तिकीट तपासनिसाची. आणि मग भिंतीची.

तुमची विहीण,
पुस्तकवाली


२० फेब्रुवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. घर विकायचा निर्णय उत्तम. या वयात जिने आणि धूळ दोन्ही नकोत. तुमच्या थोरल्याचं कौतुक वाटलं, टेप घेऊन मोजणारा मुलगा आजकाल दुर्मीळ आहे. सुटलात म्हणायच्या.

राखाडी पुठ्ठ्याची वाचली. तो तपासनीस एका बाईला वीस वर्षं विनातिकीट प्रवास करू देतो, कारण पहिल्या दिवशी तिने त्याला सांगितलेलं असतं की ती कुठेच चाललेली नाही. हा कामचुकारपणा आहे. मी त्याला पहिल्याच आठवड्यात निलंबित केलं असतं आणि तसं पेन्सिलने समासात लिहिलंही. (खोडून टाकलं आहे, तुमच्या पुस्तकावर डाग नाही.) पण शेवटी वरिष्ठ त्याची चौकशी करतात, तेव्हा मी त्याच्या बाजूची झाले होते. मला न विचारता! वाचता वाचता नक्की कुठल्या पानावर मी पक्ष बदलला, ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून वाचली. सापडलं नाही. जादूगाराचा हात अगदी जवळून पाहावा आणि तरी पत्ता कुठे गेला ते कळू नये, तसं.

भिंतीची तर मी रागारागाने वाचली. अख्ख्या पुस्तकात एक रंगारी एक भिंत रंगवतो. आता काही होईल, मग काही होईल. होत नाही. भिंत रंगून होते. पुस्तक ठेवलं आणि माझ्या समोरच्या भिंतीवर पोपडा आलाय तो पाहिला. तो तिथे कित्येक वर्षं आहे. मी पहिल्यांदा पाहिला.

निळ्या कोटाबद्दल विचारलंत. मला वाटतं, कोट वेडावाकडा होणार आणि आईला तो आवडणार. ती घालून बसेल आणि मुलीला विचारेल, “शिलाई किती झाली, बाई?” पण हे मी माझ्या पदरचं घालते आहे. लेखकाने एवढं सांगून सोडून दिलं, यातच त्याची ताकद.

आमच्या खालच्या मजल्यावर गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात. त्यांना मी ती सोळा पानं चहावर बसून सांगितली. त्या कशाने हलत नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “कुलूपबाई, हे तुम्ही मला सांगताय?” त्या ते पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयातून आणणार आहेत. तुमचं मी कुणाला हाताळू देत नाही.

आपली,
रेक्टर


१ मार्च

विहीणबाई,

हे पत्र मी बसून लिहीत नाही, उभी राहून लिहिते आहे.

प्राध्यापिकाबाईंनी ग्रंथालयातून पुलाची कादंबरी आणली. तेच नाव, तोच लेखक. त्या जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, “तुमची बाई कुठाय?” मी पुस्तक हातात घेतलं. १४४ नंतर १४५ आहे. क्रमांक आहेत, अक्षर मोठं आहे, कागद पांढरा आहे. आणि त्या सोळा पानांत पूर आहे! थोरला पुलावरून जातो, भाऊ भेटतात, आणि मग चार-चार पानं एकमेकांची माफी मागत बसतात. रडतात. आभाळ गडगडतं. शेवटी थोरला वाहून जातो आणि जाता जाता एक भाषणही करतो. पाण्यात!

आई नाही. मुलगी नाही. निळा कोट नाही.

प्राध्यापिकाबाई सौम्यपणे म्हणाल्या, “तुम्हाला स्वप्न पडलं असेल.” मी त्यांना आत नेलं, तुमची प्रत दाखवली. त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, दोन्हींचा कणा पाहिला आणि मला म्हणाल्या, “हे लेखकाने नाही, बांधणाऱ्याने केलंय.”

मी महिनाभर एका लेखकापुढे हात जोडून उभी होते आणि त्या जागी तो नव्हताच. बांधणी तुमची आहे, शिक्का तुमचा आहे. मी तुम्हाला लिहीत गेले, तुम्ही “अजून लिहा” म्हणत राहिलात. गंमत वाटली का?

तीही गोष्ट मी सोडून देईन. मला सांगा, ती बाई कुठल्या पुस्तकातली आहे? पुढे काय होतं? मला तेवढंच हवंय.

रेक्टर


६ मार्च

विहीणबाई,

गंमत नाही वाटली. भीती वाटली, की खरं सांगितलं तर तुम्ही ती पानं पुन्हा तशी वाचणार नाही.

सांगते. पुलाची ती प्रत एका वाचकाकडून परत आली तेव्हा तिची शिवण सुटली होती आणि मधला एक फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवतात ती सोळा पानं, गायब होता. तो म्हणाला, प्रवासात वाऱ्याने उडाला. आमच्या कामात अशा वेळी एकच रीत आहे. जितकी पानं गेली तितकी कोरी पानं घालायची. वाचणाऱ्याला कळतं, इथे काहीतरी होतं.

मी ती रीत मोडली. त्याच्याही आधी मी एक जुनं नकाशांचं पुस्तक उसवत होते. त्याचा पुठ्ठा जाड वाटावा म्हणून कुणीतरी आत एक दुमडलेला फर्मा भरला होता. छापलेला. काढून वाचला. तुम्ही वाचलंत तेच. वर पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही. खाली फक्त आकडे, ९७ ते ११२. बाकीचं पुस्तक कुठे आहे, कुणाला ठाऊक. मी छापखान्यांत विचारलं, जुन्या पुस्तकवाल्यांना विचारलं, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. कुणालाच माहीत नाही. वाळवीने खाल्लं असेल. लगदा झाला असेल. पूर्वीचा कुणी बांधणारा ती पानं पुठ्ठ्यात कोंबून मोकळा झाला आणि त्यामुळेच ती वाचली.

ती पानं नुसती जपून ठेवून काय उपयोग? म्हणून पुलात शिवली. आकार मोठा होता, कापताना खालचे आकडे गेले. वाटलं, पुस्तक फिरेल, कधीतरी कुणी धावत येईल आणि म्हणेल, अहो, हे तर अमक्या कादंबरीतलं! वर्षं गेली. एकाने तक्रार केली, बांधणी चुकली आहे. एकीने सांगितलं, मधला भाग ती गाळून वाचते. बाकीचे काहीच बोलले नाहीत. त्या बाईला कुणीतरी आत घेतलं, ते तुम्ही पहिल्यांदा.

पुढे काय होतं, मला माहीत नाही. मी तुमच्याइतकंच वाचलंय.

रद्दीवाला येऊन गेला. वजनकाटा कुठे लावायचा ते बघून गेला. पंधरवड्यात येतो म्हणाला. बांधणीचं दाबयंत्र भंगारात जाईल. थोरला म्हणतो, सुटलीस. तुम्हीही तसंच म्हणालात. सगळेच म्हणतात, म्हणजे असेल तसं.

पुस्तकवाली


१२ मार्च

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काही केलं नाही. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

९७ ते ११२. म्हणजे त्या आधी शहाण्णव पानं होती. विहीणबाई, त्या शहाण्णव पानांत कुठेतरी ती आई आपल्या मुलीला ओळखत असणार! नावाने हाक मारत असणार, रागावत असणार, केस ओढून वेणी घालत असणार. ते सगळं छापलं गेलं, कुणीतरी वाचलं, आणि आता जगात कुठेही नाही. आपल्या हाती आली ती फक्त ओळख गेल्यानंतरची सोळा पानं. आणि तरी त्या सोळांत मला ती शहाण्णव दिसली. न वाचता! आधी वाटलं होतं, लेखकाने केवढं धाडस केलं. आता धाडस कुणी केलेलं नाही हे कळलंय आणि मी आधीपेक्षा जास्त थक्क आहे. आगा नाही, पिछा नाही, नाव नाही, दुसऱ्याच्या पुरात घुसडलेली, आणि ती बाई ताठ उभी आहे.

लेखक कोण ते कळलं नाही, तर हात जोडायला काही अडत नाही. मी जोडले आहेत.

आता दुसरा विषय. काल चिरंजीवांचा फोन आला. मी ब्लँकेटांची चौकशी केली. तो म्हणाला, “आई, इस्त्री जळली होती, ती टाकली. ब्लँकेटं आम्ही बरोबर आणली, इथे थंडी फार आहे. तुला सांगायचं धाडस झालं नाही.” म्हणजे माझ्याकडे कुठली पेटी यायचीच नव्हती.

मग मी तुमची पेटी पुन्हा पाहिली. प्रत्येक पुस्तक स्वच्छ मलमलीत गुंडाळलेलं, कोपऱ्यांत डांबरगोळ्या. चुकून गेलेल्या पेट्या अशा भरलेल्या नसतात. वरच्या चिठ्ठीवरचं माझं नाव आणि तुमची पत्रं शेजारी ठेवली. ‘क्ष’ला तुम्ही जी लांब शेपूट काढता, ती हमाल काढत नाहीत.

ट्रक तुमच्या दारी उभा असताना तुम्ही ती पेटी त्यात चढवलीत. तेवढ्या पुस्तकांचा तरी जीव वाचवायचा म्हणून. सरळ विचारलं का नाहीत?

रेक्टर


१५ मार्च

विहीणबाई,

पकडलंत. तुमच्या वसतिगृहातल्या मुलींचं काय होत असेल ते कळलं.

सरळ कसं विचारू? पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा पुस्तकांच्या मांडणीवरून बोट फिरवलंत, बोटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, “एवढी पुस्तकं म्हणजे झुरळांना आमंत्रण.” माझी लेक आत जाऊन हसत होती, मी चहा गाळत होते. त्यानंतर तुमच्याकडे माझी पुस्तकं ठेवाल का, हे मुलीच्या आईने कुठल्या तोंडाने विचारायचं? तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि नकार मिळाल्यावर आपल्याला एकमेकींशी पुढची सगळी वर्षं गोड बोलावं लागलं असतं. चुकून आलेली पेटी तुम्ही मात्र फेकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्याची वस्तू तुम्ही जपणार.

सगळ्यात वर मुद्दाम पुलाची ठेवली होती. तुम्ही तपासायला पहिलं पुस्तक उघडाल, हाही अंदाज होता.

रद्दीवाला येत्या शनिवारी येतोय. पेटीतली तेवढी तुमच्याकडे राहू द्या. बाकीची गेली असं मी मनाशी धरलंय.

तुमची,
पुस्तकवाली


१७ मार्च

विहीणबाई,

मनाशी काही धरू नका. शनिवारी रद्दीवाल्याला दार उघडायचं नाही. थोरल्याने वाद घातला तर त्याला मला फोन करायला सांगा. फोनवरही मी बरी बोलते.

शुक्रवारी सकाळी ट्रक घेऊन येते आहे. प्राध्यापिकाबाई बरोबर आहेत, त्यांना जागेचा हिशेब चांगला जमतो. माझ्याकडे मागची खोली आहे, स्वतंत्र दार असलेली. वसतिगृह बंद झालं तेव्हा मी तिथली लोखंडी मांडणी विकत घेऊन या खोलीत लावली. रिकामी आहे. दाबयंत्र खिडकीशी बसेल, उजेड डावीकडून येतो. झुरळं आली तर झुरळांशी मी बघून घेईन.

तुम्ही माझ्याकडे चूक म्हणून आलात, कारण विहीण म्हणून आत घेईन याची तुम्हाला खात्री नव्हती. त्या बाईला रोज कोणीतरी होऊन यावं लागायचं, कारण तिच्या आईचा इलाज नव्हता. माझा आहे. यापुढे तुम्हाला काही होऊन यायची गरज नाही.

एक काम सांगते. पुलातून ती सोळा पानं अलगद उसवा. पुराची सोळा मी ग्रंथालयाच्या प्रतीवरून झेरॉक्स करून आणते, ती त्या जागी शिवा. रडू देत बिचाऱ्या भावांना, त्यांचा हक्क आहे. आणि त्या बाईचं काय करायचं ते तुमच्या कामाच्या रीतीप्रमाणे करा. मी सांगायला नको.

रेक्टर


२४ मार्च

सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद. दोन प्रती, एक विहीणबाईंकडे, एक माझ्याकडे. वसतिगृहात असताना ज्या पद्धतीने करत असे, त्याच पद्धतीने.

विहीणबाईंकडून मला:

वाचनालयाची सर्व पुस्तकं. मोजलेली नाहीत. मोजायला बसलो होतो, पण प्राध्यापिकाबाई पहिल्याच खोक्यातल्या एका पुस्तकात अडकल्या आणि काम थांबलं.

दाबयंत्र, एक. सुया, दोरा, खळीचं भांडं. भांड्यात जुनी खळ, गुठळ्यांसकट.

पुलाची कादंबरी, एक. १४५ ते १६० ही पानं झेरॉक्स, नीट शिवलेली.

निळ्या कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक, एक. वर नाव नाही. सुरुवातीला शहाण्णव कोरी पानं, मग सोळा छापील, मग पुन्हा कोरी. शेवटची कोरी किती घालायची हे ठरवता येईना, म्हणून विहीणबाईंनी कागद संपेपर्यंत घातली. हे पुस्तक वाचनालयाच्या शिक्क्याशिवाय, मला स्वतःला दिलेलं आहे. मी ते त्यांच्यासमोर पहिल्या पानापासून उघडलं आणि कोरं पानही वगळलं नाही. विहीणबाई शेजारी बसून होत्या.

माझ्याकडून विहीणबाईंना:

मागची खोली. खुर्ची, दिवा, लोखंडी मांडणी.

बसचं वेळापत्रक, थोरल्याच्या घरापासून इथपर्यंतचं.

खोलीच्या दाराची किल्ली, एक. माझ्यासाठी दुसरी करून घेतलेली नाही.

देणार: रेक्टर
घेणार: पुस्तकवाली